विद्या आणि सेवा : फादर थॉमस स्टीफन्स यांचा धडा

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत बहुधा इमारतींचा आणि माणसांचा इतिहास येतो. पायाचा दगड केव्हां बसला, घंटा कोठून आली, कोणकोण धर्मगुरु येऊन गेले, कोणत्या धर्मशिक्षकानें किती पिढ्यांना धडे दिले, हें सारें लिहून ठेवणें अवश्यच आहे आणि तें काम जाणत्या मंडळींनीं करावें. प्रस्तुत लेखांत मात्र एका निराळ्या ऋणाचें स्मरण करण्याचें योजिलें आहे. या ऋणाची नोंद आपल्या कोणत्याहि वहींत नाहीं, पण दर रविवारीं आपण त्याचा उपभोग घेतों. आपण मराठींत प्रार्थना करतों. जी प्रार्थना आपल्या आजीनें तोंडपाठ केली आणि जी आपलें लेकरूं आज बोबड्या शब्दांनीं म्हणतें, ती आपल्या घरच्याच भाषेंत आहे. हें आपणांस इतकें स्वाभाविक वाटतें, कीं एके काळीं तें कोणाला तरी बुद्धिपुरस्सर ठरवावें लागलें, आणि त्याकरितां एका मोठ्या विद्वानाला आपल्या विद्वत्तेचा अभिमान बाजूस ठेवावा लागला, हें आपल्या ध्यानांतहि येत नाहीं.

त्या विद्वानाचें नांव फादर थॉमस स्टीफन्स. ते इंग्लंडांत जन्मले, गोव्यांत राबले आणि त्याच भूमींत देह ठेविते झाले. बीड जिल्ह्याची माती त्यांच्या पायांस कधीं लागली नाहीं. तथापि त्यांची कथा सांगण्यास आरंभ आपल्या अंबाजोगाईपासूनच केला पाहिजे. त्याचें कारण लौकरच कळून येईल.

अंबाजोगाईची घागर

अंबाजोगाई हें गांव मराठी भाषेचें एक माहेर आहे. मुकुंदराजांची समाधि तेथें डोंगराच्या कुशींत आहे. त्यांचा 'विवेकसिंधु' हा ग्रंथ शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ मधील, असें परंपरा मानते. कालनिर्णयाविषयीं संशोधकांत मतभेद असले, तरी मराठींतील अगदीं आरंभींच्या ग्रंथांत त्याची गणना होते. जें तत्त्वज्ञान तोंवर संस्कृत जाणणाऱ्या थोड्या लोकांच्या स्वाधीन होतें, तें मुकुंदराजांनीं मराठींत आणलें.

त्यानंतर कित्येक शतकांनीं त्याच गांवीं दासोपंत होऊन गेले. त्यांचा काळ इ. स. १५५१ ते १६१५ हा होय. त्यांनीं गीतेवर 'गीतार्णव' नांवाची टीका लिहिली आणि तिच्या सव्वा लाख ओव्या आहेत असें सांगतात. कागद पुरेना म्हणून कीं काय, त्यांनीं कित्येक हात लांब कापडावर ओव्या लिहिल्या. ती दासोपंतांची 'पासोडी' होय. अंबाजोगाईस तिची जपणूक झाली आणि आपल्यापैकीं पुष्कळांनीं तिच्याविषयीं ऐकलेलें असेल.

या दासोपंतांनीं आपल्या ग्रंथांत मराठीचा पक्ष घेऊन एक सुंदर दाखला दिला आहे. त्याचा आशय असा : संस्कृत पंडित एक 'घट' शब्द उच्चारतो आणि तेवढ्यावर थांबतो, पण मराठी माणसाजवळ डेरा निराळा आहे, रांजण निराळा आहे, सुगड निराळें आहे. जितकीं भांडीं तितकीं नांवें. मग श्रीमंत भाषा कोणती म्हणावी? आपल्या कोरडवाहू मुलुखांत या दाखल्याचा अर्थ फोड करून सांगावयास नको. जिनें डोकीवर पाणी वाहून आणलें आहे, तिलाच डेरा आणि घागर यांतील भेद कळतो. ज्याला पाणी आयतें मिळतें, त्याला एक 'घट' पुरे होतो. भाषेचें खरें धन पंडिताच्या कोशांत नसून राबणाऱ्याच्या तोंडीं असतें, असें जणूं दासोपंतांनीं कबूल केलें. एवढ्या विद्वान् पुरुषानें ही कबुली द्यावी, यांतच त्याचा विनय दिसून येतो.

दासोपंत इ. स. १६१५ मध्यें निवर्तले. त्याच्या दुसऱ्याच वर्षीं गोव्याच्या साष्टी महालांत, रायतूर येथें, प्रभु येशू ख्रिस्ताच्या तारणकार्याची कथा सांगणारा एक प्रचंड ओवीबद्ध मराठी ग्रंथ छापून निघाला. त्याचा कर्ता फादर स्टीफन्स. या दोघांची भेट होण्याचा संभव नव्हता. परंतु आपल्या पठारावर एका विद्वानाला जें उमगलें, तेंच समुद्रकांठीं दुसऱ्या विद्वानाला उमगलें आणि दोघांनींहि आपली लेखणी सामान्य जनांच्या भाषेच्या सेवेला लाविली. हें साम्य आपण बीडकर ख्रिस्ती जनांनीं अवश्य ध्यानांत ठेवावें.

इंग्लंडहून गोव्यास

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशायर प्रांतीं झाला. विंचेस्टर येथील विख्यात विद्यालयांत त्यांचें शिक्षण झालें. लॅटिन आणि ग्रीक या त्या काळच्या ज्ञानभाषा त्यांना अवगत होत्या. तो काळ इंग्लंडांतील कॅथलिकांना फार कठीण होता. राणी एलिझाबेथ हिच्या अमदानींत त्यांच्या धर्मगुरूंना थारा उरला नव्हता. थॉमस पाउंड नांवाचा त्यांचा एक जिवलग मित्र होता. दोघांनीं मिळून रोमला जाऊन येशूसंघांत प्रवेश करावा असें ठरविलें, पण निघण्यापूर्वींच पाउंड पकडला गेला आणि त्याचें आयुष्य बहुतेक तुरुंगांतच गेलें. स्टीफन्स एकटेच रोमला पोंचले. तेथें १५७५ च्या ऑक्टोबरांत त्यांनीं येशूसंघांत प्रवेश केला. पुढें त्यांनींच संघाच्या वरिष्ठांस विनविलें, कीं बंदिवासांतील माझ्या मित्रालाहि संघांत घ्यावें, आणि ती विनंति मान्य झाली.

संत फ्रान्सिस झेवियर यांचें कार्य ऐकून हिंदुस्थानांत जाण्याची इच्छा त्यांच्या मनीं उपजली. ४ एप्रिल १५७९ रोजीं त्यांचें जहाज लिस्बनहून निघालें आणि २४ ऑक्टोबर रोजीं गोव्यास लागलें. या प्रवासाचें वर्णन त्यांनीं आपल्या पित्यास पत्रानें कळविलें. वाटेंत हिरड्या सुजण्याच्या आणि पाय फुगण्याच्या रोगानें सुमारें दीडशें लोक आजारी पडले आणि त्यांपैकीं सत्तावीस दगावले, असें ते लिहितात. हिंदुस्थानांत येऊन राहिलेला पहिला इंग्रज म्हणून इतिहास त्यांना ओळखतो. पुढें इंग्रज आले ते व्यापाराकरितां आणि राज्याकरितां. हा पहिला इंग्रज मात्र यांपैकीं कशाहिकरितां आला नाहीं.

दरबार आणि खेडें

स्टीफन्स गोव्यास उतरले त्या सुमारास तेथें एक तेजस्वी इटालियन तरुण धर्मगुरु होता. त्याचें नांव रुडॉल्फ अक्वाविव्हा. तो एका सरदार घराण्यांतील, ड्यूकचा पुत्र होता आणि त्याचा चुलता क्लॉडियस अक्वाविव्हा पुढें १५८१ मध्यें येशूसंघाचा मुख्य झाला. अकबर बादशहानें गोव्याहून विद्वान् पाद्री बोलाविले होते. त्या कामीं अक्वाविव्हा यांची निवड झाली आणि १७ नोव्हेंबर १५७९ रोजीं ते दोन सोबत्यांसह निघून पुढच्या फेब्रुवारींत फत्तेपूर सिक्रीस पोंचले.

तेथील इबादतखान्यांत नाना धर्मांचे पंडित जमत आणि रात्रभर वादविवाद चालत. अक्वाविव्हा फारसी शिकले. अनेक भाषांत छापलेला बायबलचा मोठा बहुखंडी ग्रंथ पाद्र्यांनीं बादशहास नजर केला. बादशहानें त्यांचा मोठा सन्मान केला. परंतु सुमारें तीन वर्षांनीं अक्वाविव्हा यांना कळून चुकलें, कीं दरबारांत युक्तिवाद ऐकण्याची हौस आहे, हृदयपालटाची नाहीं. वादांत जिंकलें तरी कोणाचें अश्रु पुसले जात नाहींत. जातांना बादशहा देऊं करीत असलेलें द्रव्य त्यांनीं घेतलें नाहीं. त्यांनीं मागितलें तें एवढेंच, कीं राजघराण्यांत गुलाम म्हणून राहिलेलें एक परदेशीय कुटुंब आपल्या स्वाधीन करावें, म्हणजे तें मुक्त होईल. दरबारांतील तीन वर्षांच्या पांडित्याचें हें फळ! पण त्या कुटुंबाच्या दृष्टीनें पाहिलें तर सर्व वादविवादांपेक्षां तेंच मोठें नव्हे काय?

१५८३ च्या उन्हाळ्यांत अक्वाविव्हा गोव्यास परतले आणि साष्टींतील खेड्यांचें काम त्यांजकडे आलें. २५ जुलै १५८३ रोजीं ते चार येशूसंघीय बंधूंसह कुंकळ्ळी गांवीं ख्रिस्तमंदिराकरितां जागा पाहण्यास गेले असतां गांवकऱ्यांनीं त्या सर्वांना ठार केलें. अक्वाविव्हा यांचें वय त्या वेळीं अवघें ३२ वर्षांचें होतें. १८९३ मध्यें पोप तेरावे लिओ यांनीं या पांचांना धन्यवादित म्हणून घोषित केलें.

येथें सत्याला स्मरून दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. कुंकळ्ळीच्या लोकांचा रोष निष्कारण नव्हता. पोर्तुगीज सत्तेनें साष्टींतील देवळें पाडलीं होतीं आणि लोकांच्या पोथ्या नष्ट केल्या होत्या. त्या क्षुब्ध गांवीं गेलेले पांच नि:शस्त्र पुरुष त्या सत्तेच्या अपराधाचेहि बळी ठरले. त्यानंतर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं गांवच्या प्रमुखांना बोलणीं करण्याच्या मिषानें असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून ठार मारलें, हेंहि लपविण्याजोगें नाहीं. सत्तेचा अहंकार आणि विद्येचा अहंकार हे सख्खे भाऊ आहेत. दोघांचीहि समजूत अशी, कीं समोरचा मनुष्य केवळ ऐकून घेण्याकरितां जन्मला आहे.

हातचा सोडलेला मान

कुंकळ्ळीच्या घटनेनंतर तीन महिन्यांनीं, २४ ऑक्टोबर १५८३ रोजीं, स्टीफन्स यांनीं साष्टीहून आपला भाऊ रिचर्ड यास पत्र लिहिलें. त्यांत आपल्या बांधवांच्या मृत्यूची हकीकत आहे आणि तिच्याच जोडीला एक लहानसें निरीक्षण आहे. या देशीं पुष्कळ भाषा आहेत, त्यांचा उच्चार कानांस अप्रिय नाहीं आणि त्यांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांच्या रचनेशीं मिळतीजुळती आहे, असा त्याचा आशय होय.

वाचकहो, या निरीक्षणाचें मोल किती, तें पहा. याच धर्तीचा विचार सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ मध्यें कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटींत संस्कृताविषयीं मांडला, तेव्हां युरोपांतील विद्वज्जनांत खळबळ उडाली. तुलनात्मक भाषाशास्त्राचा पाया तेथें घातला गेला असें मानतात. स्टीफन्स यांच्या ध्यानांत ती गोष्ट दोनशें तीन वर्षें आधीं आली होती. एखाद्या कीर्तिलोलुप पंडितानें त्यावर प्रबंध रचिला असता आणि युरोपांतील विद्यापीठांकडे धाडला असता. स्टीफन्स यांनीं तें भावाच्या पत्रांत दोन शब्दांनीं लिहिलें आणि पुन्हां आपल्या खेड्यांकडे वळले. भाषांचें जें ज्ञान त्यांना लाभलें, तें त्यांनीं कीर्ति मिळविण्याकडे न लावतां साष्टींतील कुणब्याला देवाची गोष्ट समजावून सांगण्याकडे लाविलें.

त्यांच्या सेवेला पंथाचीहि सीमा नव्हती. त्याच वर्षाच्या अखेरीस जॉन न्यूबरी, राल्फ फिच आणि त्यांचे सोबती असे कांहीं इंग्रज व्यापारी होर्मुझ येथें पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगांत येऊन पडले. ते ज्या राज्याचे प्रजाजन होते, त्याच राज्यानें स्टीफन्स यांच्या मित्राला बंदींत टाकलें होतें. तरीहि स्टीफन्स यांनीं त्यांच्याकरितां खटपट केली आणि जामिनावर त्यांची सुटका होण्यास मोठें साह्य केलें. पुढें पिरार्ड नांवाच्या एका फ्रेंच खलाशावर असाच प्रसंग गुदरला, तेव्हां त्यालाहि त्यांचा हात लाभला. या उपकारांची आठवण त्या परदेशीयांनीं आपल्या लेखांत नोंदवून ठेविली आहे.

अवघड शब्द कां टाकले?

स्टीफन्स यांनीं सुमारें चाळीस वर्षें साष्टींत काढलीं. कांहीं काळ ते तेथील विद्यालयाचे रेक्टर होते, पण त्यांच्या जीवनाचा मोठा भाग खेडोपाडीं धर्मशिक्षण देण्यांत गेला. 'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभीं त्यांनीं ग्रंथाचें निमित्त सांगितलें आहे. धर्मशिक्षणाच्या वेळीं एका ग्रामस्थानें त्यांना म्हटलें, कीं आपण शिकवितां तें उत्तम आहे, परंतु आमचीं जुनीं पुराणें वाचावयास बंदी झाली, मग त्यांच्या जागीं आम्हांस वाचावयास दुसरें एखादें पुराण कां देत नाहीं? हा प्रश्न विचारणारा मनुष्य धीट असला पाहिजे. आणि ऐकणारा विद्वान् गर्विष्ठ असता, तर 'प्रश्नोत्तरें पाठ करा, तेवढें तुम्हांस पुरे आहे' असें म्हणून त्यानें वाटेला लाविलें असतें. स्टीफन्स यांनीं तो प्रश्न आज्ञेप्रमाणें शिरोधार्य मानिला. 'ख्रिस्तपुराण' हें एका खेडुताच्या मागणीला दिलेलें उत्तर आहे, हें आपण कधींहि विसरूं नये.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. 'पहिलें पुराण' सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या आगमनाची वाट पाहण्यापर्यंतचें आहे आणि 'दुसरें पुराण' प्रभु येशूच्या जन्मापासून स्वर्गारोहणापर्यंतचें आहे. पुढें छापलेल्या प्रतींत मिळून ९५ अध्याय, ज्यांना कवि 'अवस्वरु' म्हणतो, आणि १०,९६२ ओव्या भरतात. या ग्रंथाच्या आरंभीं मराठी भाषेची जी गोड स्तुति आहे, ती शाळेंत शिकलेल्या प्रत्येकास ठाऊक असते आणि ती ऐकून आपली छाती अभिमानानें फुगते. पण ग्रंथाच्या गद्य प्रस्तावनेंत ते जें सांगतात, तें मात्र फारसें कोणी वाचीत नाहीं. प्रस्तुत लेखकाच्या मतें त्या स्तुतीपेक्षां हें सांगणें अधिक मोलाचें आहे.

त्यांच्या सांगण्याचा आशय असा. देवाच्या गोष्टी निरूपण करण्यास या देशींच्या भाषांत मराठी हीच योग्य वाटली. परंतु शुद्ध मराठी सामान्य लोकांस नीट कळत नाहीं. म्हणून पूर्वींच्या कवींचे बहुतेक अवघड शब्द टाकून दिले आणि त्यांच्या जागीं ठिकठिकाणीं इकडील बोलीचे सोपे शब्द मिसळले, अशासाठीं कीं ग्रंथाचें फळ पुष्कळांना मिळावें.

या कबुलीचा नीट विचार करूं या. अवघड शब्द वापरणें त्यांना येत नव्हतें असें नाहीं. परकीय असून त्यांनीं जुन्या मराठी कवींची रचना बारकाईनें अभ्यासिली होती. ज्ञानेश्वरी आणि एकनाथ यांच्या ओवीची चाल त्यांच्या रचनेंत स्पष्ट दिसते. एका परकीयाला तर आपलें भाषाप्रभुत्व दाखविण्याचा मोह अधिकच व्हावयाचा. 'पहा, तुमच्या पंडितांपेक्षां मी कमी नाहीं', असें म्हणण्याची संधि त्यांना होती. ती संधि त्यांनीं हाताची घालविली. शब्द शिकावयाचा, त्यावर प्रभुत्व मिळवावयाचें आणि तो समोरच्या गरीब माणसाला कळत नाहीं म्हणून खालीं ठेवून द्यावयाचा, हा त्याग सोन्यानाण्याच्या त्यागाहून कठीण आहे. सोनें दिल्यास लोक वाहवा करितात. टाकलेला शब्द मात्र कोणाला दिसतहि नाहीं.

आपल्या प्रभूनें शेवटच्या भोजनाच्या रात्रीं वरचें वस्त्र उतरून ठेविलें, कमरेस पंचा बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. तो गुरु नव्हता काय? होता, आणि गुरु असूनच त्यानें तें केलें. स्टीफन्स यांनीं आपल्या पांडित्याचें वस्त्र उतरून ठेविलें, तेंहि त्याच रीतीनें.

न मिळालेले खिळे

विनयशील मनुष्याच्या सर्वच इच्छा पुऱ्या होतात असें नाहीं. आपले ग्रंथ या देशच्या लिपींत छापावे अशी स्टीफन्स यांची कित्येक वर्षांची आस होती. १६०८ मध्यें येशूसंघाच्या मुख्याला लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं ती बोलून दाखविली. युरोपांतील लिपीला चोवीस अक्षरें पुरतात, पण इकडच्या लिपीला सुमारें सहाशें सांचे लागतील, ही मोठी अडचण होती. ती कशी कमी करतां येईल याचाहि विचार त्यांनीं केला होता. परंतु खिळे कांहीं मिळाले नाहींत. शेवटीं १६१६ मध्यें ग्रंथ रोमन अक्षरांत छापला गेला. १६४९ आणि १६५४ मध्यें तो पुन्हां छापला. साष्टींत रविवारीं आणि सणावारीं तो वाचला जाई.

पुढें पुन्हां सत्तेचा गर्व आडवा आला. १६८४ मध्यें पोर्तुगीज व्हाइसरॉयनें फर्मान काढलें, कीं तीन वर्षांच्या आंत लोकांनीं आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावें. ज्या भाषेकरितां स्टीफन्स यांनीं आयुष्य वेंचिलें, तिच्यावरच घाला आला. परंतु पुराण मेलें नाहीं. गोव्यांतून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं हस्तलिखित प्रतींच्या रूपानें तें जपलें. अशा प्रतींवरून जोसेफ साल्ढाणा यांनीं १९०७ मध्यें मंगळूर येथें तें पुन्हां छापलें. देवनागरी लिपींतील एक हस्तलिखित लंडनला मार्सडेन नांवाच्या गृहस्थाच्या संग्रहांत निघालें. १९५६ मध्यें शांताराम बंडेलू यांनीं देवनागरींत ग्रंथ प्रसिद्ध केला. कर्त्याची इच्छा अशी ३४० वर्षांनीं फळास आली. विद्यापीठांतील पंडितांपेक्षां साध्या घरांतील भाविकांनींच हें पुराण अधिक काळ सांभाळलें, हेंहि लक्षांत घेण्याजोगें आहे.

स्टीफन्स यांचें देहावसान १६१९ मध्यें झालें. त्यांच्या मागें आणखी दोन पुस्तकें छापलीं गेलीं. १६२२ मध्यें निघालेलें पुस्तक म्हणजे कोंकणी बोलींतील ख्रिस्ती सिद्धान्ताचीं प्रश्नोत्तरें. गुरु आणि शिष्य यांच्या संवादरूपानें मुलांस धर्म शिकविण्याकरितां तें रचिलें आहे. दुसरें म्हणजे कोंकणीचें व्याकरण. तें फादर दियोगु रिबैरु यांनीं वाढवून १६४० मध्यें छापविलें. हिंदुस्थानांतील भाषेचें छापून निघालेलें हें पहिलेंच व्याकरण असें म्हणतात. दहा हजारांवर ओव्यांचें महाकाव्य लिहिणाऱ्या हातानेंच मुलांचीं प्रश्नोत्तरें लिहिलीं. त्यांना दोन्ही कामें सारखींच थोर वाटलीं असलीं पाहिजेत.

एक शंका आणि तिचें उत्तर

येथें कोणी विचारील, कीं मग विद्या नकोच काय? अडाणी राहणें हाच विनय काय? नाहीं, असा अर्थ कोणीं करूं नये. आपल्या वाडवडिलांपैकीं पुष्कळांना जातीमुळें विद्येच्या उंबरठ्याबाहेर उभें केलें गेलें होतें. त्यांच्या वंशजांना 'शिकूं नका, नम्र रहा' असें सांगणें हा विनयाचा उपदेश नसून अन्याय होईल. स्टीफन्स यांनीं विद्या टाकली नाहीं. तिचा मालक होण्याऐवजीं ते तिचे वाटेकरी झाले. पाणी भरून ठेवणें चुकीचें नाहीं, पण तहानलेला दारीं उभा असतां रांजणावर झांकण घालणें हें पाप आहे.

आणखी एक गोष्ट. आपण स्टीफन्स यांनाहि देव्हाऱ्यांत बसवूं नये. ते त्यांच्या काळाचे होते. या देशच्या इतर धर्मांविषयीं त्यांच्या ग्रंथांत कठोर शब्द आहेत, आणि ज्या सत्तेच्या छायेंत ते राहिले तिनें लोकांवर जुलूम केला. हें आपण मोकळेपणानें म्हणावें. पूर्वजांचा गौरव करतांना त्यांचे दोष कबूल करणें, हाहि विनयाचाच एक भाग आहे.

आपल्यापुरता धडा

आतां आपल्या जिल्ह्याकडे येऊं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यांत होतें. कारभाराची भाषा उर्दू होती आणि १९१८ मध्यें स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांतील शिक्षणहि उर्दूंतच होतें. उर्दू ही गोड भाषा आहे. दोष भाषेचा नव्हता. पण ज्याला कचेरीची भाषा येत नाहीं, त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावें लागतें, आणि दोन अक्षरें अधिक शिकलेला त्याच्या असहायपणावर पोट भरूं शकतो, याचा अनुभव आपल्या मुलुखानें घेतला आहे. ख्रिस्तसभेंतहि मिस्साविधि दीर्घकाळ लॅटिनमध्यें चाले. १९६३ च्या डिसेंबरांत दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें उपासनेंत लोकभाषेला वाट मोकळी केली. 'ख्रिस्तपुराण' छापल्यास त्या वेळीं ३४७ वर्षें झालीं होतीं. १९७७ मध्यें औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला, त्यांत आपला जिल्हा आला, आणि आज मराठींतून मिस्सा ऐकत असलेल्या पिढीला याचें नवलहि वाटत नाहीं.

मग आज आपल्यापुढें प्रश्न कोणता? दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यांतून ऊसतोडीस निघणाऱ्या माणसांनीं भरलेल्या गाड्या कोण पाहात नाहीं? नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडतां फेडतां हंगाम संपतो. म्हातारीं माणसें मागें राहतात, आणि मुलें एक तर फडावर जातात, नाहीं तर शाळेंत मागें पडतात. आपल्यांतील जीं मुलें शिकलीं, शहरास गेलीं, इंग्रजी बोलूं लागलीं, त्यांचा आपणांस आनंद आहे. परंतु त्यांतील कोणास आईच्या बोलीची लाज वाटूं लागली, वाचन करतांना कोणी जाड शब्द फेकूं लागला, सभेंत न शिकलेल्या मावशीला मध्येंच थांबवूं लागला, तर समजावें कीं विद्या डोक्यांत गेली पण हृदयांत उतरली नाहीं.

उलट, एखादा शिकलेला मुलगा फडावरून परतलेल्या शेजाऱ्याच्या ओट्यावर बसला, मुकादमाच्या वहींतील उचलीचा हिशेब त्याला त्याच्याच भाषेंत वाचून दाखविला आणि कोठें चूक असेल तर निर्भयपणें दाखवून दिली, तर त्यानें फादर स्टीफन्स यांचेंच काम पुढें चालविलें असें म्हणावें. एखाद्या मुलीनें हंगामांत बुडालेले धडे शेजारच्या चार पोरांकडून करवून घेतले, तर तिचा तो ओटा त्या वेळेपुरतें रायतूर झाला. याला निधि लागत नाहीं, ठराव लागत नाहीं, समिति लागत नाहीं. लागतें तें एवढेंच, कीं आपण जें जाणतों त्याचा वाटा मागणाऱ्याला आनंदानें द्यावा, आणि तो समजेल अशा शब्दांत द्यावा.

चाळीस वर्षें खेड्यांतून हिंडलेल्या त्या धर्मगुरूला एका ग्रामस्थानें एक प्रश्न विचारला आणि त्यांतून मराठीचा एक अमोल ग्रंथ जन्मला. आपल्या धर्मग्रामांतहि असे प्रश्न विचारणारीं माणसें आहेत. तीं बहुधा मागच्या रांगेंत बसतात आणि हळू बोलतात. या ज्युबिलीच्या वर्षीं आपण त्यांचें म्हणणें कान देऊन ऐकावें. शिष्यांचे पाय धुणाऱ्या प्रभूनें आपल्या विद्यावंतांना सेवेची आवड द्यावी, आपल्या कष्टकऱ्यांना विद्येची वाट दाखवावी, आणि दोघांनाहि एकाच मेजावर बसवावें, हीच त्याच्या चरणीं प्रार्थना.